खुर्चीवरची अधिकृत धूळ

माणूस येतो, माणूस जातो. मंजूर जागा मात्र राहते. हे सत्य ज्याला कळलं तो आस्थापना शाखेत टिकतो. मी एकवीस वर्षं टिकलो आहे.

आमच्या नोंदणी कार्यालयात एकोणचाळीस मंजूर जागा आहेत. पैकी तेवीस जागांवर कोणी नाही, आणि त्या तेवीस जणांविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. उरलेल्या सोळांविरुद्ध रोज येते. यावरून काय ते समजावं.

आता 'कोणी नाही' हे कागदावर लिहायचं कसं? मराठीत 'रिकामी' म्हणून भागत नाही. रिकामी म्हटलं की लोकांना वाटतं, मग भरा की! इंग्रजीने मात्र या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. माणूस गेला आणि जागा उरली, की ती व्हेकन्ट. जाहिरात दिली, माणसं आली, पण साहेबांच्या मेव्हण्याला वयाची अट आडवी आली, की ती अनफिल्ड. भरणार असं सांगायचंय पण भरायची नाहीये, तेव्हा इन अबेयन्स. (याचा नेमका अर्थ कार्यालयात कोणालाच ठाऊक नाही. वरच्या कार्यालयातही नसावा, कारण हा शब्द लिहिला की उलट प्रश्न येत नाही.) फॉर्मातला रकाना ब्लँक असतो, साखरेचा डबा एम्प्टी, आणि गेल्या वर्षीची भरती नल अँड व्हॉइड.

जागा व्हेकन्ट आहे हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तपासनीस येतात आणि खुर्चीवरून बोट फिरवतात. बोटाला धूळ लागली तर जागा व्हेकन्ट, नाही लागली तर ऑक्युपाइड. पद्धत साधी, बिनखर्ची आणि निःपक्षपाती आहे. धूळ कोणाची मेव्हणी नसते.

नकला विभागातली कारकुनाची खुर्ची अशी नऊ वर्षं व्हेकन्ट होती. काम मात्र अडलं नाही, कारण खुर्चीशेजारी स्टुलावर रोजंदारीवरच्या एक बाई बसत. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले त्याच लिहीत. खुर्चीवर बसायची त्यांना मनाई होती (धूळ बिघडते). खिडकीशी आलेली माणसं खुर्चीकडे बघून विचारत, "इथे कोणी नाही का हो?" बाई स्टुलावरून म्हणत, "मी आहे ना, बोला." मग माणसं बोलत, पण खुर्चीकडेच बघून.

यंदा वरून पत्र आलं की व्हेकन्ट जागांवर रोजंदारीच्या लोकांना कायम करावं. अट एकच, वय पंचेचाळीसच्या आत. बाईंना एकोणतीस तारखेला पंचेचाळीस पूर्ण होत होती. तपासणी चोवीस तारखेला होती. म्हणजे पाच दिवस हातात होते, आणि ते बाईंचे शेवटचे होते.

कोणासाठी खटपट करण्याचा माझा स्वभाव नाही. तरी बाईंचा अर्ज मी स्वतः टाईप केला.

"भाऊसाहेब, होईल ना हो नक्की?" बाईंनी विचारलं.

"अहो, जागा व्हेकन्ट आहे, तुम्ही हजर आहात, आणखी काय पाहिजे? काळ्या दगडावरची रेघ समजा."

चोवीस तारखेला तपासनीस आले. त्यांनी बोट फिरवलं. बोट स्वच्छ. दुसरं बोट फिरवलं. तेही स्वच्छ.

मी बाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून हळूच म्हणाल्या, "काल जाताना ओल्या फडक्याने पुसली मी. मोठे साहेब येणार, आणि आपल्या खुर्चीवर ही एवढी धूळ! बरं दिसतं का?" नऊ वर्षांत त्या तिला पहिल्यांदाच 'आपली' म्हणाल्या होत्या.

मी घाईघाईने खुर्चीवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. (टिपणीत मी 'किंचित अस्वस्थता' असं नोंदवलं आहे.) मी तपासनिसांना म्हणालो, "साहेब, इथे कोणी बसत नाही हो. या बाईंनी नुसती पुसली."

"काहीतरीच काय!" तपासनीस म्हणाले. "जो बसतो तोच पुसतो. दुसऱ्याची खुर्ची कोण कशाला पुसेल?"

आमच्याकडे खरंच कोणी पुसत नाही.

शेरा पडला: ऑक्युपाइड. अर्ज निकाली निघाला: जागा भरलेली असल्याने. फेरतपासणी मागता येते, पण वर्षभराने, पुरेशी धूळ साचल्यावर. बाई एकोणतीस तारखेपर्यंत आल्या. टेबलावरचे सगळे दाखले लिहून संपवले, फडकं धुऊन वाळत घातलं आणि तीस तारखेपासून आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्यांचं जाणं कुठल्या शब्दात नोंदवावं म्हणून मी इंग्रजी शब्दांची सगळी यादी पालथी घातली. स्टूल ही मंजूर जागा नाही, तेव्हा ते व्हेकन्ट होऊच शकत नाही. शेवटी तो रकाना तसाच सोडला.

नकला विभाग आता कागदोपत्री पूर्ण भरलेला आहे. रांग जिन्याखाली गेली आहे. परवा त्या रांगेत तुम्हीही होतात. गेल्या खेपेला तुमच्या मुलीच्या जन्माचा दाखला अर्ध्या तासात मिळाला होता आणि तुम्ही खुर्चीला 'थँक्यू' म्हणून गेला होतात, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं होतं. या खेपेला दीड तास उभे राहिलात, मग खिडकीवर थाप मारून ओरडलात, "इथे कोणी नाही का हो?"

अहो, नऊ वर्षं तुम्ही सगळे हेच विचारत होतात. आता कुठे बरोबर विचारलंत.