आकाशातून टिपलेलं तळं

सोमवारी सकाळी सात वाजता अनुस्वाररावांनी एकाच मिनिटात दोन फोटो पाठवले, आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत होते, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका काढत होते. कुणाचा एक अनुस्वार जरी राहिला तरी ते तांबडं पेन घेऊन त्याच्यावर तुटून पडत. म्हणून छापखान्याने त्यांचं हे नाव पाडलं होतं. दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरणाऱ्या माणसाने एवढी ढोबळ चूक करावी, याचं त्यांना स्वतःलाच इतकं हसू येतं की ही हकिगत ते आपण होऊन सांगतात आणि सांगताना स्वतःला मुळीच सोडत नाहीत.

त्यांना एक नाद होता. चार वर्षांपासून ते 'रोजचं नवल' नावाचा ग्रुप चालवत. सकाळी सातच्या ठोक्याला एक फोटो आणि खाली दोन ओळी. एके दिवशी फुलपाखराच्या पंखावरचे खवले, दुसऱ्या दिवशी जुन्या चित्रातल्या मोत्यावरचा उजेड, तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखालचं मीठ. ग्रुपमध्ये नातेवाईक, शेजारी आणि छापखान्यातले लोक मिळून एकशे बारा माणसं होती. त्यांतली बरीचशी अनुस्वाररावांनी न विचारता भरली होती आणि ती भिडेपोटी टिकून होती. एखाद्या फोटोला तीन अंगठे आले की त्यांचा दिवस छान जायचा. त्यांतला एक थोरल्या बहिणीचा असायचा, आणि ती तो फोटो न उघडताच द्यायची. बायकोने तर ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला होता.

"अहो, मी तुमच्याबरोबर राहते," ती म्हणायची, "मला रोज आणखी वेगळं नवल कशाला?"

त्या सोमवारचं नवल होतं एक आटलेलं तळं. विमानातून घेतलेला फोटो. हिरवट गाळ, मधे लालभडक डाग, कडेला मिठाचा पांढरा पापुद्रा. खालची ओळ त्यांनी आदल्या दिवशीच घोटून ठेवली होती : 'आटलेल्या तळ्याचा तळ, आकाशातून. पाणी गेल्यावर माती कशी बोलू लागते पाहा!' नेमका त्याच वेळी त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या डाव्या टाचेचा फोटो पाठवायचा होता. टाच महिनाभर भेगाळली होती आणि बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "आधी फोटो पाठवा. जवळून, चांगल्या उजेडात." अनुस्वाररावांनी पाय खिडकीत ठेवून, तीनदा मान वाकडी करून, अगदी मन लावून तो काढला होता. दोन्ही ठिकाणच्या ओळी बरोबर गेल्या. फक्त फोटोंची अदलाबदल झाली. तळं डॉक्टरांकडे गेलं आणि टाच एकशे बारा जणांकडे.

साडेनऊला छापखान्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यातून स्वागतिका बोलत होती.

"काका, तुम्ही कुठे आहात?"

"कामावर."

"चालत गेलात?" तिचा आवाज चिरकला.

"हो. का?"

"डॉक्टर म्हणतात, आहात तिथेच बसा. पाय खाली टेकवू नका. गाडी करून या, आणि घरचं कुणीतरी सोबत आणा."

घरचं कुणीतरी सोबत, हे शब्द ऐकले आणि अनुस्वाररावांची चांगली असलेली टाचसुद्धा दुखू लागली. त्यांनी बायकोला फोन केला, मशीनमनच्या खांद्यावर हात टाकून लंगडत रस्त्यापर्यंत आले आणि टॅक्सीत बसल्यावर मनातल्या मनात मृत्युपत्र तयार करू लागले. आपल्यामागे ग्रुप कोण चालवणार, या कलमापाशी ते अडले. एकशे बारा माणसांतलं एकही नाव सुचेना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भिंग घेऊन तयारच होत्या. त्यांनी टाच पाहिली, उलटसुलट केली, दाबली, मग दुसरी टाच मागितली.

"हिरवं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं हिरवं?"

"सकाळी होतं ते. आणि मधला लाल भाग?" बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला. "हे बघा. खाली तुम्हीच लिहिलंय, 'महिनाभर असंच आहे, मधूनमधून खाज सुटते.' अहो, माझ्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असं काही पाहिलं नाही मी. दोन मोठ्या डॉक्टरांना पाठवून विचारलं. एक म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे का?"

बायकोने फोनमध्ये डोकावलं. "डॉक्टर, हे तळं आहे."

"तळं?"

"हो. कालपासून मला दाखवतायत." मग ती नवऱ्याकडे वळली. "तळं इथे आलं, तर टाच कुठे गेली?"

अनुस्वाररावांनी ग्रुप उघडला. खाली त्र्याहत्तर प्रतिसाद होते.

थोरल्या बहिणीने पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी शब्द लिहिले होते : 'डोळे भरून आले रे.' शेजारचे निवृत्त भूगोलाचे मास्तर म्हणत होते, 'अशा भेगा पडायला हजारो वर्षांचं ऊन लागतं.' कुणी लिहिलं होतं, 'निसर्गासारखा चित्रकार होणे नाही!' आणि सगळ्यांत शेवटी, ग्रुपमध्ये आजवर चकार शब्द न काढलेल्या छापखान्याच्या मालकीणबाई : 'अप्रतिम. हा फोटो कुणी काढला?'

"आत्ताच्या आत्ता लिहा, चूक झाली म्हणून," बायको म्हणाली.

"लिहितो ना."

त्यांनी 'क्षमस्व' असं लिहिलं. शुद्धलेखन तपासलं. बरोबर होतं. मग त्यांनी ते पुसून टाकलं. चार वर्षं तीन अंगठ्यांवर काढलेल्या माणसासमोर त्र्याहत्तर प्रतिसाद आले की त्याचं काय होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. मालकीणबाईंना त्यांनी उत्तर पाठवलं : 'फोटो मीच काढलाय.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. छापखाना दरवर्षी सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःचं कॅलेंडर पाठवी.

"यंदा पहिल्या पानावर तुमचं तळं घेऊ या," त्या म्हणाल्या. "दोन हजार प्रती. खाली तुमचं नाव टाकू. फार लांब आहे का हो हे?"

"फार नाही," अनुस्वारराव म्हणाले.

"तिथे जायला काही सोय?"

"मी तर पायीच जातो."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "दोन हजार भिंतींवर तुमची टाच लागणार, अहो! लोक सकाळी उठून तिचं दर्शन घेणार!"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना! रोज मलम कोण चोळतंय त्या तळ्याला?"

तीन आठवडे गेले. मलम आणि मोजे यांनी काम केलं. मग एके सकाळी कॅलेंडरच्या पहिल्या पानाचं मुद्रित तपासणीसाठी त्यांच्याच टेबलावर आलं. फोटो पानभर झाला होता. त्याखाली ठसठशीत अक्षरांत त्यांचीच ओळ. अनुस्वाररावांनी ती चारदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, अनुस्वार जागच्या जागी, उद्गारचिन्हसुद्धा एकच. सगळं शुद्ध होतं आणि सगळं खोटं होतं. आता खाली सही करायची म्हणजे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच चूक दिसत असताना पान पुढे सोडायचं. हात उचलेना. त्यांनी पाणी प्यायलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत येऊन बसले. शेवटी त्यांनी तांबडं पेन उचललं, ओळ खोडली, समासात 'डावी टाच' असं लिहिलं आणि सही ठोकली.

पाचच मिनिटांत मांडणी करणारी मुलगी पान घेऊन आली.

"काका, हे काय? डावीकडे किती सरकवू?"

"सरकवायचं नाहीये. ती टाच आहे. माझी."

ती मशीनमनला घेऊन आली, आणि तिघं मिळून मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेले. अनुस्वाररावांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तळं, डॉक्टर, त्र्याहत्तर प्रतिसाद, स्वतःचा हावरेपणा, काही म्हणून मागे ठेवलं नाही. मग पुरावा म्हणून बूट काढला, मोजा काढला आणि पाय खुर्चीवर ठेवला.

मशीनमनने पान टाचेशेजारी धरलं. खाली वाकून पाहिलं.

"ही?" तो म्हणाला. "ही तर तान्ह्या बाळाच्या गालासारखी आहे."

"मलमाने बरी झाली!"

"काका, तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या ना," मुलगी हळूच म्हणाली.

अनुस्वाररावांनी घायकुतीला येऊन बायकोला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "सांग बरं यांना, ते तळं म्हणजे माझी टाच आहे की नाही?"

"त्यांचीच आहे हो," पलीकडून बायको म्हणाली. "मला तर प्रत्येक भेग पाठ आहे."

"बघा," मशीनमन मुलीच्या कानात कुजबुजला, "वहिनी किती सांभाळून घेतात त्यांना."

आयुष्यभर खरं-खोटं निवडत आलेल्या माणसाने आयुष्यातलं सगळ्यांत अवघड खरं बोलावं आणि ते कुणालाच खरं वाटू नये! एक पाय अनवाणी, एक बुटात, अशा अवस्थेत अनुस्वारराव हताश होऊन उभे राहिले.

मालकीणबाई मात्र एकदा पानाकडे आणि एकदा त्या गुळगुळीत टाचेकडे पाहत होत्या. त्यांनी बाकीच्या दोघांना बाहेर पाठवलं, उठून दार लावलं, काचेवरचा पडदा ओढला.

"फोटो राहू द्या," त्या म्हणाल्या. "खालची ओळ काढू. तुमचं नावही काढू. नुसता फोटो."

"म्हणजे तुमचा विश्वास बसला?"

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. टेबलाचा आधार घेत त्यांनी उजव्या पायातला बूट काढला, मग मोजा. अनुस्वाररावांनी सवयीने चष्मा पुढे ओढला आणि वाकून पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या तळ्याला निदान काठ तरी होता; इथे तोही नव्हता.

"पहिल्या दिवसापासून वाटत होतं मला, हे तळं आपण कुठेतरी पाहिलंय," मालकीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मलमाचं नाव लिहून द्या. आणि अनुस्वारराव..."

"काय?"

"तो फोन खिशात ठेवा."