भेकराचा चौथा पाय

एका जंगलात बजाबा नावाचं एक भेकर होतं आणि त्याला तीन पाय होते. जन्मला तेव्हा चार होते. मागचा एक फासकीत गेला. फासकी कुणी लावली ते विचारू नका, पोरांनो. तुमच्याच कुळातलं कुणीतरी असणार.

तीन पायांवर चरता येतं, पाणीही पिता येतं. पळता येत नाही, आणि भेकराचा धंदाच पळण्याचा. नदीपलीकडे कोळसुंदे राहत. म्हणजे रानकुत्रे. दहा-बारा मिळून येतात आणि तुम्ही मरायच्या आधीच जेवायला बसतात. नदी भरलेली होती तोवर ठीक होतं. चैत्रात ती गुडघाभर होई. बजाबा रोज सकाळी काठावर जाऊन पाणी बघून येई.

त्याच जंगलात इठाबाई नावाची चिचुंद्री होती. बाईच्या अंगाला वास यायचा. त्यामुळे तिच्याकडे कुणी फिरकत नसे, आणि त्यामुळेच तिचं काम व्हायचं.

पालीची शेपटी तुटते आणि परत येते, हे सगळ्या जंगलाने पाहिलं होतं. सगळे "अगं बाई!" म्हणाले आणि पुढे गेले. इठाबाईची आई तिथेच बघत बसली. आई मेल्यावर इठाबाई बसली.

तिला कळलं ते असं. अंगात पेशी असतात. अंगाच्या विटाच म्हणा. बहुतेक पेशी एकदा कामाला लागल्या की लागल्या. कातडीची पेशी मरेपर्यंत कातडीच. पण थोड्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. घरात असा कुणी असला की आपण त्याला शिव्या देतो. इठाबाईने त्यांना शिंपल्यांत ठेवून खाऊ घातलं. खाणं, ऊब आणि वेळ नीट सांभाळली की त्या हाड होत, मांस होत, कातडी होत.

बजाबा लंगडत तिच्या बिळाशी आला.

"इठाबाई, माझा पाय येईल का हो?"

"पालीची शेपटी आली. बेडकाचं एक बोट आलं. भेकराचं ठाऊक नाही."

"येईल म्हणा ना."

"म्हणून पाय येत असते तर मी जन्मभर शिंपले कशाला धुतले असते? आडवा हो."

तिने सायाळीच्या काट्याने त्याच्या मांडीच्या हाडातून चिमूटभर गर काढला. परक्याच्या पेशी अंग हाकलून देतं, म्हणून ज्याचा पाय त्याचाच गर. बजाबाने रान डोक्यावर घेतलं.

"ओरड," इठाबाई म्हणाली. "पण हलू नकोस, मेल्या."

गर शिंपल्यांत गेला. शिंपले कुजत्या पाल्याच्या उबेत गेले. त्यांना दर दोन तासांनी रस पाजावा लागे. एक वेळ चुकली की पेशी मरत, नाहीतर वाट्टेल ते होऊन बसत. इठाबाईची वेळ चुकत नसे, कारण चिचुंद्रीला स्वतःलाच दर दोन तासांनी खाल्लं नाही तर भोवळ येते. ती खायची, पेशींना पाजायची. सण नाही, सुतक नाही.

भाद्रपदात तिने पहिला लेप लावला. महिनाभरात तुटक्या पायाला बोटभर कोंब आला. मऊ, गुलाबी. बजाबा त्याच्याकडे बघून रडला.

"रडून ओला करू नकोस," इठाबाई म्हणाली. "अजून दोन लेप आहेत. आणि कुणाला बोलायचं नाही."

बजाबा कुणालाच बोलला नाही. फक्त मेहुण्याला बोलला. दुपारपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं.

जंगलाचे अध्यक्ष होते गवाअण्णा. गवा मोठा, मन त्याहून मोठं. कुणी काही केलं की अण्णा त्याचा सत्कार करत. खांद्यावर पळसाच्या पानांची शाल, हातात कवठ. काही केलं नाही तरी करत.

"इठाताई, उद्या तुमचा सत्कार."

"मला वेळ नाही."

"अहो, वेळ आम्ही काढलाय ना!"

"माझे शिंपले..."

"त्यांचाही करू!"

सत्कार झाला. वानराने प्रास्ताविक केलं. मग प्रास्ताविकाबद्दल वानराचा सत्कार झाला. बजाबाला मंचावर बसवलं आणि ज्याने त्याने येऊन कोंब दाबून बघितला. इठाबाई चार वेळा उठून म्हणाली, "मला जायचंय." अण्णा म्हणाले, "बघा, किती नम्र!" टाळ्या पडल्या.

ती पाच तासांनी परतली तेव्हा पेशी मेल्या होत्या. एका शिंपल्यातल्या जगल्या होत्या. त्यात थोडे केस आणि दोन दात उगवले होते. बजाबाचा कोंब काळा पडला आणि चौथ्या दिवशी गळाला.

अण्णा समाचाराला आले. त्यांनी शिंपल्यात डोकावलं.

"दात? पाय मागितला आणि दात आले! म्हणजे हा दुसरा शोध. आता दसऱ्याला मोठा सत्कार!"

इठाबाईने त्यांना एक शब्द वापरला, तो मी तुम्हाला सांगणार नाही. मग तिने बजाबाला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा काटा घातला.

"आणि हेही हुकलं तर?" बजाबाने विचारलं.

"मग चैत्र," इठाबाई म्हणाली.

दसऱ्याला ती येत नाही म्हणाली. तेव्हा दोन रानडुकरांनी तिला उचलून पालखीत घातली. मानाने. पहिलं भाषण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला वानर उठला आणि म्हणाला, "मी फार वेळ घेणार नाही." हे ऐकलं आणि बजाबाने पालखीकडे बघितलं. समोर इठाबाई डुलत होती, भोवळ यायच्या बेतात. म्हणजे दोन तास होत आले होते.

आता एक लक्षात घ्या. वाघ दिसला की भेकर भुंकतं. त्यावर जंगलात कुणी चर्चा करत नाही. आधी पळतात. आणि आजवर एकही भेकर खोटं भुंकलं नव्हतं. बजाबाचा बाप नाही, आजा नाही. जंगलात त्याच्या जातीला तेवढीच काय ती पत होती.

बजाबाने चहूकडे पाहिलं. वाघ नव्हता. तो भुंकला. तीनदा.

पापणी लवायच्या आत मैदान मोकळं झालं. मंच तेवढा अण्णांबरोबर गेला, कारण त्यांची शिंगं त्यात अडकली होती. इठाबाई पालखीतून उतरली, समोरचं कवठ फोडून दोन घास खाल्ले आणि घरी गेली. वेळेत पोचली.

वाघ नव्हता, हे दुसऱ्या दिवशी उघड झालं. जंगल खवळलं. मेहुण्यानेही बोलणं टाकलं. अण्णांनी चौकशी समिती नेमली. समितीने आधी वाघाचा जबाब घ्यायचं ठरवलं. वाघाकडे कोण जाणार यावर चार महिने गेले. मग वाघाला न विचारताच अहवाल लिहिला. तरी त्याला चैत्र उजाडला.

अहवाल भर सभेत वाचला. "आरोपी खोटं भुंकला. शिक्षा हद्दपारी. मात्र आरोपी तीन पायांचा असल्यामुळे दया दाखवून माफी द्यावी."

अण्णांचे डोळे पाणावले. त्यांनी बजाबाला पुढे बोलावलं आणि शहानिशा म्हणून पाय मोजले. पुन्हा मोजले. चार भरले.

"हे काय रे?"

"पाय, अण्णा."

"मग दया दाखवता येत नाही," अण्णा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं.

बजाबा त्याच पावली निघाला. नदी गुडघाभर झाली होती. वाटेत त्याला कोळसुंदे भेटले. अकरा होते. थोडा वेळ बरोबर आले, मग मागे राहिले.

तात्पर्य : खोटं कधीही बोलू नये. बोलायचंच झालं, तर चौकशी पाय येईपर्यंत चालेल एवढं मोठं बोलावं.