रिकामी डबी

प्रयोगशाळेत सगळे त्याला बिनचूक म्हणत, आणि हे नाव आपल्याला शोभतं याबद्दल खुद्द बिनचूकला तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे मावशीनं आपलं ज्येष्ठमधाचं मलम तपासायला आणलं तेव्हा तो म्हणाला, "तासाभराचं काम. तुझा चहा होईतो कागद हातात!"

त्या कागदावरच सगळं अडलं होतं. औषधांचा दुकानदार मावशीच्या चाळीस डब्या मांडायला तयार होता, पण मलमात अर्क किती, हे त्याला आजच लेखी हवं होतं.

रीत साधी. अर्क प्रकाश गिळतो. मलम स्पिरिटात विरघळवायचं, गाळायचं, काचेच्या नळीत भरून यंत्रात ठेवायचं. जितका प्रकाश अडेल तितका अर्क. पण मलमातलं तेल-मेणही थोडा प्रकाश अडवतंच. म्हणून आधी बिनअर्काचं मलम दाखवून यंत्राला सांगायचं, की बाबा रे, हे शून्य समज. त्यासाठी मावशीकडून त्यानं दोन डब्या मागवल्या होत्या: एक अर्काची, एक रिकामी, म्हणजे नुसत्या तेल-मेणाची. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, जुळ्या बहिणी जशा.

यंत्रानं आकडा दाखवला. शून्य.

नळी पुसली. शून्य. द्रावण नव्यानं केलं. शून्य. दिवा बदलला, देवाचं नाव घेतलं, यंत्राला दोन शब्द सुनावले. ते आपलं जेवलेल्या अजगरासारखं शून्यावर पसरलेलं. प्रमुखबाई डोकावून म्हणाल्या, मलमात काही नसेल तर तसं लिहून मोकळे व्हा, मग मावशी असो की मामी.

आली का पंचाईत! लहानपणी फुटलेल्या गुडघ्यांना जिनं हेच मलम लावलं, तिला थापाडी ठरवायचं? पाय ओढत तो बाहेर मावशी बसली होती त्या बाकाशी गेला.

"मावशी, अर्क घालायला विसरलीस का गं?"

"विसरेन कशी? दोन्हींत घातलाय."

"रिकामीतसुद्धा?"

"अरे, औषध म्हणून कुणी तीच लावली तर? एकीला द्यायचं नि दुसरीला नाही, असला दुजाभाव माझ्याच्यानं होत नाही बाबा."

बिनचूक मटकन खाली बसला. यंत्र सकाळपासून खरंच सांगत होतं: दोघींत फरक शून्य. रिकामी म्हणून आलेली डबी त्यानं एकदाही वेगळी तपासली नव्हती.

मग त्यानं स्वतः तेल-मेण घोटून खरी रिकामी डबी केली. आकडा भरघोस आला, सही-शिक्का झाला. पुढच्या खेपेसाठी उरलेल्या डबीवर त्यानं ठळक अक्षरांत 'रिकामी' लिहिलं, ती बाकावर ठेवली आणि कागदासाठी पाकीट आणायला आत गेला.

परत येतो तो मावशी पिशवीतल्या बाटलीला बूच लावत होती, आणि डबी बोटानं ढवळलेली.

"थोडासाच घातला रे," ती म्हणाली. "हात बघ तुझे, किती कोरडे पडलेत."

बिनचूकनं हात पुढे केले.