बारा बाटल्या आणि एक चिलट

रोशनबींनी बारा बाटल्या घासून अंगणात उपड्या घातल्या, तेव्हा मन्तशाची तीन वर्षं मोरीतून वाहून गेलेली होती. रोशनबींना ते माहीत नव्हतं. बाटल्या चांगल्या होत्या, बोटभर लांब, स्वच्छ काचेच्या. एक तर त्यांनी पुसून जिऱ्याने भरली होती आणि वर 'जिरं' अशी चिठ्ठीही डकवली होती.

"अम्मी, यात माश्या होत्या."

"व्हत्या ना. बूच काढलं तशा दुकानाकडं गेल्या. आन् खाली शिऱ्यात किडं पडलं व्हतं. कोंबड्यांस्नी घातलं."

"तो शिरा नव्हता, माश्यांचं खाणं होतं. आणि ते किडे माझे होते."

"तुझं? पीएचडीला किडं लागत्यात व्हय?"

लागतात. मन्तशा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत फळमाश्यांवर, म्हणजे तिच्या गावच्या, पौडच्या भाषेत चिलटांवर, काम करत होती. तिथलं माश्या ठेवायचं थंड कपाट कुरकुरायला लागलं, म्हणून शुक्रवारी तिने प्रत्येक बाटलीतल्या थोड्या माश्या वेगळ्या बाटलीत घालून घरी आणल्या. शनिवारी सकाळी फोन आला, की कपाट रात्रभर तापत राहिलं आणि आत काहीही उरलेलं नाही. फोन ठेवून ती अंगणात आली, ती थेट या बाटल्यांपाशी.

घराच्या पुढच्या खोलीत चाँदभाईंचं फळांचं दुकान होतं. चाँदभाईंचं चिलटांशी चाळीस वर्षांचं वैर. केळ्यांवर एक जरी दिसलं तरी ते गिऱ्हाईक सोडून आधी तिकडे फडका मारत. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की 'श्वासनळीवर संशोधन' एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं. श्वासनळी कुणाची, ते मात्र सांगत नसत.

"अब्बा, फडका खाली ठेवा," मन्तशा म्हणाली आणि झालेलं सगळं तिने सांगितलं.

चाँदभाईंनी फडक्याची घडी केली. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "त्या नळीचं नक्की काय करतीस तू?"

"माशी अंड्यात असते तेव्हा तिच्या श्वासनळ्या अगदी बारीक असतात. मग नळीच्या भिंतीतल्या पेशी आतल्या पोकळीत एक रस सोडतात. त्याने नळी आतून रुंद होते. काम झालं की तो रस काढून घेतात, मग हवा भरते."

"शेतातल्या लपेटा पायपावानी. रिकामा चपटा, पाणी सोडलं की गोल."

"हो. फक्त इथं पाणी बाहेरून येत नाही. पाईपच आत सोडतो."

"आन् न्हाई सोडलं तर?"

"तर नळी अरुंदच राहते. माझ्या माश्यांत तोच दोष आहे. आईबाप दोघांकडून आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. एकाकडूनच आला तर जगतं. अशांचे पंख वर वळलेले असतात, ती आम्ही जोडलेली खूण आहे. त्यांना धड उडता येत नाही."

"मंग लांब कुटं जात्यात," चाँदभाई म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले.

मन्तशाकडे भिंग होतं. चाँदभाईंकडे चाळीस वर्षांचं वैर होतं, ते जास्त कामाला आलं. "बाकीचं उडत्यात. ह्ये चालतंय. ह्ये आपलं." चिलटाला त्यांनी 'आपलं' म्हटल्याचं घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. दुपारपर्यंत पाच मिळाली. पाचांचंही मागचं टोक काळं, म्हणजे पाचही नर.

"एक मादी मिळाली तरी बास," मन्तशा म्हणाली.

मादी चाँदभाईंना दिसली, वेलची केळ्यांच्या एका फणीवर. हाताने धरायचा त्यांना धीर झाला नाही. ते बाटली आणायला आत धावले. घासलेल्या बाटल्या अजून ओल्या होत्या, म्हणून त्यांनी जिऱ्याची बाटली परातीत रिकामी केली. परत येईपर्यंत फणी नव्हती. गल्ल्यावर रोशनबी होत्या. सकाळची चूक भरून काढायला त्या मदतीला बसल्या होत्या.

"बंडोपंत घिऊन गेलं. चिलटं कशी, इचारलं त्येंनी. मी म्हनलं, औषिद मारल्यालं न्हाई, म्हनून बसत्यात. लई खूश झालं. जास्त चिलटं व्हती तीच फणी मागून घेतली."

बंडोपंत म्हणजे पुण्याच्या वाटेवरच्या भुकूममधल्या एका सोसायटीचे सचिव. लिफ्टच्या आवाजाबद्दलही लेखी तक्रार करणारे. बापलेक स्कूटरवरून तिथे पोचले.

"चाँदभाई? घरपोच सेवा सुरू केलीत?"

"साहेब, केळी परत पायजेत."

"का? औषध मारलंय ना शेवटी?"

"न्हाई. त्यात माझ्या मुलीचं चिलट हाय."

बंडोपंतांनी चष्मा काढून पुन्हा घातला. आतून त्यांच्या पत्नी शारदाबाई म्हणाल्या, "मी पिशवीला गाठ मारून फ्रिजमध्ये ठेवलीत. चिलटं होती म्हणूनच."

पिशवीच्या तळाशी ती मादी पाय वर करून पडलेली होती. मन्तशाने तिला हलकेच बाटलीत घेतलं. थंडीने माश्या नुसत्या झोपतात, हे तिला माहीत होतं. तास उलटल्यावर किती उठतात, हे मात्र तिने कधी मोजलं नव्हतं.

चाँदभाईंनी बाटली मुठीत धरली, उबेसाठी, आणि दारातच सगळं सांगायला सुरुवात केली. नळी, रस, लपेटा पाईप, वळलेले पंख, कोंबड्या. "मी लोकास्नी नुसतं श्वासनळी म्हनायचो," ते म्हणाले. "मान्साची न्हाई, चिलटाची. माझी पोरगी चिलटं पाळती. लाज वाटायची मला."

बंडोपंतांनी त्यांना मूठ उघडायला लावली आणि बाटलीत पाहिलं. मग म्हणाले, "आपल्यातही असंच असतं का?"

"नळ्या आपल्यातही आहेत," मन्तशा म्हणाली. "त्या कशा रुंद होतात, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"पाय हलला," शारदाबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांत त्या एका मादीची प्रजा शेकड्यांत गेली. दोषाला आतापर्यंत नुसता नंबर होता. माश्यांवर काम करणाऱ्यांत अशा दोषांना मजेदार नावं द्यायची रीत आहे, म्हणून गाईडनी नाव मागितलं. मादीला आणलेल्या बाटलीवरची चिठ्ठी तशीच होती. नाव 'जिरं' पडलं. मग एका परदेशी प्रयोगशाळेतून विचारणा आली, की हे नाव नळीच्या आकारावरून आहे का.

"काय कळवू, अब्बा?"

"आईनं ठिवलं म्हनून कळीव."

चाँदभाई केळ्यांवरच्या एका चिलटावर फडका उगारून थांबले होते. त्यांनी वाकून नीट पाहिलं. पंख सरळ होते. मग त्यांनी फडका मारला.