दामूकाकांचा माइक

लग्न होऊन माझी बायको पहिल्यांदा चिक्कडपल्लीच्या घरी आली. ती माप ओलांडणार, इतक्यात वरच्या गॅलरीतून भरदार आवाज आला, "आता मैदानात उतरत आहेत विद्यानगरच्या कन्या. चाल डौलदार, नजर जमिनीकडे. लोगां, जरा बाजू हटो."

ती बिचारी उंबरठ्यावरच थबकली. आई म्हणाली, "घाबरू नकोस गं. वरचे दामूकाका आहेत. त्यांचा धंदाच तो."

खरंच होतं ते. आमच्याकडच्या जत्रांत बैलजोड्यांनी भलामोठा दगड ओढण्याच्या शर्यती लागतात. तिथे माइकवर बोलणं, हेच दामूकाकांनी जन्मभर केलं. तेलुगू, दखनी आणि बिदरकडची मराठी एकाच वाक्यात. कुठला बैल कुणाचा, काय खातो, कशाला बिचकतो, सगळं तोंडपाठ. जोडी हरली तरी ते 'हरली' म्हणत नसत. "आज उनका मूड नै," म्हणत. घरी भात करपला तरी तेच, "आज कुकरका मूड नै." काकू तोच भात ताटात वाढत.

मग गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबायला लागल्या आणि जत्रेत कंपन्यांचे तंबू आले. एका शीतपेयवाल्याने काकांच्या हातात कागद ठेवला. दर दोन मिनिटांनी पेयाचं नाव घ्यायचं. काकांनी तेही खणखणीत घेतलं.

त्या शर्यतीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मल्लय्या नावाच्या शेतकऱ्याचा रामुडू बैल ओढता ओढता कोसळला. पुढचा पाय मोडला. कंपनीचा माणूस काकांच्या कानाशी आला, "थांबू नका, नाव घ्या." काकांनी माइक टेबलावर ठेवला, मैदानात उतरले आणि बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या जत्रेला माइकवर दुसराच होता. काकांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

तरी दर गुरुवारी काका पिशवी घेऊन निघायचे. "शर्यत है," एवढंच सांगायचे. काकू डबा द्यायच्या. वर्षभराने काकूंनी मला गाठलं. "त्यांना आता कुणी बोलवत नाही, हे मला कळतं रे. पण जातात कुठं? तू जरा सोबत जा."

बसने आम्ही मल्लय्याच्या गावी उतरलो. गोठ्यात रामुडू तीन पायांवर भार देऊन उभा होता. मल्लय्या त्याला विकायला निघाला होता. काकांनी हातापाया पडून ठेवायला लावलं होतं. काकांनी पिशवीतली पेंड रामुडूपुढे ठेवली आणि तासभर त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. तोंडातून एक शब्द नाही.

परतताना बसमध्ये म्हणाले, "त्याला मागं सरायचं होतं. मला वरून दिसत होतं. तरी मी माइकवर 'रामुडू, रामुडू' करत राहिलो. माझा आवाज ऐकला की तो ओढायचा."

मी घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस."

पुढच्या गुरुवारी त्यांनी डब्याशेजारी कागदात बांधलेला गुळाचा मोठा खडा ठेवला. काकांना तर डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. काकांनी पुडी उघडून पाहिली, काकूंकडे पाहिलं. काकू पाठमोऱ्या होऊन भांडी लावत होत्या.

काकांनी पुडी जपून पिशवीत ठेवली आणि जिना उतरू लागले.