पोतनीसांची हाक

पोतनीस कुणालाही थेट हाक मारत नसत. मेहताभाई चार हातांवर बसलेले असले, तरी हे हॉलच्या दारात उभे राहून ओरडणार, "मेहताभाई आहेत का इथं कुणी?" सगळ्यांच्या माना वर. मेहताभाई कपाळाला हात लावणार, "अरे साहेब, सामेच तो बेठो छुं!" मग पोतनीस समाधानानं त्यांच्या टेबलाशी जाणार. त्या दिवशी मग दिवसभर मेहताभाईंकडे थेट जाणं-येणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारातून पुकारा.

"रात्रीत विसरता की काय?" मी एकदा विचारलं.

"स्विचही विसरतो, ताई. बराच वेळ गप्प राहिलेल्याचा पत्ता तो पुसून टाकतो."

मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात ते नेटवर्क सांभाळायचे, मी भांडार. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, बाकी सारे गुजराती, त्यामुळे दुपारचा चहा आणि त्यांचं तत्त्वज्ञान माझ्या वाट्याला. त्यांचा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी. आलेला निरोप ज्याचा, तो कुठल्या दारात राहतो हे ठाऊक नसलं, की ती पेटी तो सगळ्या दारांत टाकते. ज्याचा असेल तो उत्तर देतो, आणि मग हा कुठल्या दारात राहतो ते पेटी लक्षात ठेवते.

"पण सगळेच ओरडायला लागले तर?" पोतनीस बोट वर करत. "सकाळी खंडेराव मार्केटात जाऊन बघा. मेथीवाल्याचं भेंडीवाल्याला ऐकू येत नाही."

म्हणून व्हीलॅन. पेटी तीच, पण आत गल्ल्या पाडायच्या. अकाउंट्सची एक, भांडाराची एक, डिझाइनची एक. गल्लीतला ओरडा गल्लीतच विरतो. पलीकडच्या गल्लीत निरोप न्यायचा तर मध्ये राऊटर हवा; तो इकडचं घेतो, तिकडं पोचवतो.

या गल्ल्या पाडायची वेळ आणली अकाउंट्सच्या पारिखभाईंनी. पेटीतूनच निघालेल्या एका वायरीचं दुसरं टोक लोंबकळताना दिसलं, म्हणून टापटिपीच्या हौसेनं त्यांनी तेही त्याच पेटीत खोचलं. एकच निरोप गोल गोल फिरत राहिला आणि सबंध कंपनी ठप्प झाली. पोतनीस हातातल्या फाफड्यासकट धावत आले. "पारिखभाई, सापाला त्याचीच शेपटी चारलीत की हो!"

"लटकतुं हतुं, सारुं न लागे," पारिखभाई पुटपुटले.

त्यानंतर पोतनीसांना गल्ल्यांचं वेडच लागलं. कॅन्टीनमध्येही भांडाराच्या टेबलावरचं लोणचं अकाउंट्सच्या टेबलाला हवं असलं, तर वाटी त्यांच्यामार्फतच जायची. "सरळ उडी नाही!" वाटी पोचायची, पण वाटेत एक फोड कमी व्हायची.

"राऊटरचा टोल," ते चाटलेलं बोट पुसत सांगत.

घरीही तसंच होतं. तरसालीत दोन मजली घर. खाली थोरले भाऊ, वर हे. दोघंही एकटेच, आणि दोघांत कित्येक वर्षं अबोला. कारण, जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर असावा! मधे आई. सकाळी खाली जेवायची, संध्याकाळी वर. "सांग त्याला, टाकी भरलीय." "सांग त्याला, गव्हाची गोणी आलीय." पोतनीस हसत म्हणायचे, "आमचा राऊटर ऐंशी पार करून गेलाय, पण एक निरोप हरवत नाही. टोलही घेत नाही."

मग आई गेल्या.

पोतनीस कामावर परतले ते गप्पच. दारातला पुकारा बंद. मेहताभाईच अस्वस्थ झाले. "बेन, आज मला कोणी शोधलंच नाही." कॅन्टीनमध्ये लोणच्याची वाटी टेबलावरून टेबलावर परस्पर गेली आणि पोतनीसांनी मानही वर केली नाही.

एका रविवारी सकाळी मी तरसालीला गेले. आम्ही वरच्या गॅलरीत चहा घेत होतो. गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली. मोटरचं बटण खाली, भावाकडे. पोतनीस उठले, कठड्याशी गेले आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "टाकी भरली हो!"

समोरच्या जशोदाबेन बाहेर आल्या. "अमारी तो बंध छे, भाई!" शेजारच्या घरातून कुणीतरी आपली टाकी बघायला गच्चीवर पळालं. मिनिटभरानं आमच्या पायांखाली मोटर थांबली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"दुसरं काय करणार? राऊटर गेला."

तेवढ्यात खालून, तसाच रस्त्याला उद्देशून, जाडसर आवाज आला, "थालीपीठं झालीत हो!"

जशोदाबेन हसून आत गेल्या. पोतनीस कपाकडे बघत बसले. "आईच्या हातची भाजणी," ते म्हणाले. "शेवटची. डबा खाली राहिला."

"मग जा की."

"कसा जाऊ? गल्ल्या वेगळ्या."

मला आडवळणं जमत नाहीत. "पोतनीस, तुम्हीच शिकवलंत, ओरडा गल्लीबाहेर जात नाही. तुम्ही ओरडलात आणि मोटर थांबली. ते ओरडले, ते तुम्हाला ऐकू आलं. मग गल्ली एकच नाही का? राऊटर कशाला हवा?"

पोतनीसांनी कप खाली ठेवला. मग आत गेले, कड चेपलेली एक जुनी पितळी ताटली घेऊन आले आणि जिना उतरू लागले. अर्ध्यावर थांबले. मला वाटलं, आता पुकारणार.

"दादा," ते म्हणाले. इतक्या हळू, की समोरच्या जशोदाबेनना ऐकू गेलं नसेल.

आता पोतनीस निवृत्त झालेत. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना फोनवरच निरोप धाडतात. हॉल शांत असतो. मेहताभाई मात्र अजून मधूनच दाराकडे बघतात.