शेवंताबाई आणि खावटीची केस

आमच्या वस्तीत कोंबड्याच्या आधी शेवंताबाई आरवायची. नळावर उभी राहून कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा हेल काढायची, "गंगाबाई हाजिर होऽऽ!" जिच्या नावाचा पुकारा झाला, तिनं घागर घेऊन धावत यायचं. उशीर झाला, तर तिचा नंबर खारीज.

हा रुबाब तिनं कोर्टाच्या फाटकापाशी फुटाणे विकता विकता कमावला होता. फुटाणे संपले, की आत जाऊन मागच्या बाकावर बसायची. अक्षरओळख नाही, पण कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात गेली, की ही कलम लावून मोकळी. कलम तिच्याजवळ एकच, चारशे वीस. कोंबडीला तेच आणि सासूलाही तेच.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लॉ कॉलेजातली सुलभा नावाची पोरगी आली. गरिबाला कायदा किती ठाऊक, अन् ठाऊक असून तो वापरतो का, हे तिला घरोघरी विचारायचं होतं. शेवंतानं तिला ताब्यातच घेतलं. दरेक दारात पुकारा. सुलभा हसून म्हणाली, मावशी, कोंबडीला चारशे वीस लागत नाही. तर ही म्हणते, "तुह्या कॉलेजात नसन लागत." पण नवऱ्यानं टाकलेल्या बायांना तिनंच हाताला धरून पुढं आणलं, अन् त्या पोरीनं बसून त्यांचे खावटीचे, म्हणजे पोटगीचे, अर्ज लिहून दिले.

शेवटी दोघी माझ्या ओसरीवर टेकल्या. सुलभानं सहज विचारलं, "मावशी, तुमचे मालक?"

मी डोळ्यानं खुणावलं, पण बोलून गेली ती. शेवंताचा नवरा लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशीनवर कामाला होता, दुसरी बाई घेऊन राहायचा. साऱ्या वस्तीला ठाऊक. इकडे शेवंताच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, फुटाणे करपायचे, गिऱ्हाईक तुटलेलं, संध्याकाळची चूल कधी पेटायची कधी नाही. सुलभानं तिथंच तिचा अर्ज लिहिला अन् शाईचा पॅड पुढं केला.

शेवंतानं अंगठा पदरात लपवला, लहान पोरीसारखा.

मला रागच आला. "साऱ्यायले कोर्टात धाडून राहिली, अन् तू काहून मागं वं?"

"मी ऐकते ना तिथं बसून," ती हळूच म्हणाली. "सायेब इचारते, ही तुही बायको होय का? अन् माणसं सरळ म्हणते, नाही."

सुलभा म्हणाली, म्हणू द्या. लग्नाला हजर होते त्यांची साक्ष काढू, केस आपणच जिंकू.

"जिंकू ना, पोरी. पण तो नाही म्हणन, ते मले उभं राहून ऐका लागन. त्यानं मले सोडलं, पण ही माही बायको नाही, असं अजून कोठी म्हटलं नाही."

सुलभानं पॅड मिटला. शेवंता टोपली घेऊन उठली. कोर्टाकडे जायला आरामशीनवरून जवळ पडतं. ती लांबच्या रस्त्यानं वळली, भिंतीला हात लावत लावत.